एकच करडा, तीन खोल्या: घरासाठी तटस्थ रंग निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घरात चौघं जण: नवरा-बायको, शाळेत जाणारा मुलगा आणि आजी. भडक काही कुणालाच नको होतं. डोळ्यांना शांत वाटेल आणि उद्या सोफा किंवा पडदे बदलले तरी खपून जाईल, असा एकच फिकट रंग सगळीकडे लावायचा, एवढीच मागणी. मोबाइलवर पाहिलेल्या एका फोटोवरून शेड कार्डावरची फिकट करडी छटा ठरली. हॉल, एक बेडरूम आणि मधला पॅसेज अशा तिन्ही ठिकाणी तिचे दोन हात झाले. सामान जागेवर लागलं आणि चार दिवसांत कुरबुर सुरू झाली.

पुढचं सगळं या तीन खोल्यांवर अवलंबून आहे, म्हणून त्यांची माहिती आधी देतो.

हॉल १८ बाय १२ फुटांचा, उंची १० फूट. उजेड बाल्कनीच्या एकाच बाजूने येतो. त्या बाजूला थेट ऊन कधीच येत नाही आणि समोर दाट झाड आहे. फरश्या सहज पाहिल्या तर क्रीम वाटतात, पण पांढरा कागद शेजारी ठेवला की त्यांची पीच झाक लगेच कळते. सोफा तपकिरी. छतात ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे एलईडी पॅनेल.

बेडरूम १२ बाय ११. दुपारनंतर तिथे थेट ऊन येतं आणि जमिनीला मधाच्या रंगाचं लाकडी लॅमिनेट आहे. पॅसेज १४ बाय ४ फुटांचा. खिडकी नाही, पाच तपकिरी दारं, छतात एकच दिवा. दारांच्या चौकटींना बऱ्याच वर्षांपूर्वी पांढरा ऑइल पेंट मारलेला, तो आता पिवळा पडलेला.

अडचण

हॉल जांभळट दिसू लागला. बेडरूम दुपारपर्यंत छान दिसायची, पण ऊन कललं की मातकट गुलाबी व्हायची. पॅसेज तर गिलावा करून रंगवायचा राहून गेल्यासारखा वाटायचा. एकाच डब्यातला रंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी बिघडला होता.

पहिला संशय डब्यावर गेला. मशीनने रंग चुकीचा मिसळला असेल, असं घरातल्यांना वाटलं. रंगारी म्हणाला, "ताई, डब्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच आहे, बघून घ्या." पण नंबर जुळला म्हणजे रंग जुळला असं होत नाही, म्हणून खात्री करून घेतली. उरलेल्या रंगाचे दोन हात पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर दिले, तो एक दिवस पूर्ण वाळू दिला आणि बाहेर सावलीत नेऊन शेड कार्डाशेजारी धरला. फरक दिसला नाही. ही तपासणी ओल्या रंगावर करून उपयोग नसतो. इमल्शनमधला, म्हणजे भिंतीच्या पाण्याच्या रंगातला, बाइंडर (रंग भिंतीला धरून ठेवणारा घटक) ओला असताना दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे बहुतेक इमल्शन वाळल्यावर थोडं गडद दिसतं.

रंग बरोबर होता, रंगाऱ्याचं कामही बरोबर होतं. चूक निवडीत होती.

कारण शोधताना

पहिला धागा डब्याच्या लेबलवरच मिळाला. टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये कुठलं रंगद्रव्य किती घातलं ते छापतं, आणि हे लेबल वाचायची सवय फार थोड्या लोकांना असते. या छटेत सगळ्यात जास्त काळा होता, थोडा लाल ऑक्साइड होता आणि पिवळा जवळजवळ नव्हताच. पांढऱ्यात नुसता काळा मिसळला तर मिळणारा करडा निळ्याकडे झुकतो. त्यात लाल पडला की तो जांभळ्याकडे सरकतो. जांभळ्याला दाबतो तो पिवळा, आणि तोच इथे नव्हता. म्हणजे छटेच्या पोटातच जांभळी झाक होती. शेड कार्डावरच्या दीड इंची चौकोनात ती दिसली नाही, एवढंच. त्याच पट्टीवरच्या सगळ्यात गडद चौकोनाकडे पाहिलं असतं तर दिसली असती. फिकट छटेची झाक ओळखायची तर पट्टीच्या तळाशी असलेला गडद भाऊ बघावा.

ही झाक वर आणायचं काम हॉलने केलं. ऊन नसलेल्या बाजूचा उजेड आकाशाचा असतो, म्हणून निळसर. रात्रीचे पॅनेलही निळसर. आणि जमीन पीच. डोळा कुठलाही रंग एकटा बघत नाही. शेजारच्या रंगाच्या विरुद्ध बाजूला त्याला ढकलतो. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे अशीच एक तक्रार आली होती: काळा धागा पुरेसा काळा नाही. त्यांनी तपासलं तर दोष धाग्याच्या रंगाईत नव्हता, शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. हॉलमध्ये तोच नियम लागू पडत होता. नारिंगीकडे झुकलेल्या पीच फरशीशेजारी करडी भिंत निळ्या बाजूला ढकलली जात होती.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. माळ्यावर जास्तीची एक फरशी होती. रंगवलेला पुठ्ठा आधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला, तेव्हा तो साधा फिकट करडा दिसला. मग ती फरशी उभी करून त्याला चिकटवून धरली. दोन-तीन सेकंदांत पुठ्ठा डोळ्यांसमोर निळसर झाला. घरातल्या चौघांनाही ते दिसलं आणि डब्याचा विषय तिथेच संपला.

बेडरूमचं गणित याच्या उलटं होतं. सूर्यास्ताच्या आधीचं ऊन नारिंगी, ते मधाळ लॅमिनेटवर पडून भिंतीवर उसळतं, आणि छटेतल्या लाल ऑक्साइडला ते उचलून धरतं. म्हणून गुलाबी.

पॅसेजमध्ये झाकेचा प्रश्न नव्हता, उजेडाचा होता. इथे एलआरव्ही हा आकडा कामाला येतो: भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी शंभरात किती परत फिरतो, ते तो सांगतो. या छटेचा एलआरव्ही ६२ होता. मोठ्या खोलीत ६२ हा फिकट रंग आहे. पण चार फुटी बोळात दिव्याचा उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत पुढे जातो. तीन वेळा आपटला की १०० पैकी जेमतेम २४ उरतो. एलआरव्ही ८० असता तर तेवढ्याच आपटण्यानंतर ५१ उरला असता. दुपटीहून जास्त फरक, आणि शेड कार्डावर या दोन छटा शेजारी-शेजारी पाहिल्या तर फारशा लांबच्या वाटत नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, फक्त दिवे बदलायचे. हॉलमध्ये एका पॅनेलच्या जागी ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा दिवा लावून पाहिला. रात्री जांभळेपणा बराच उतरला. सकाळी दहा वाजता भिंत होती तशीच होती, कारण दिवसाचा उजेड बदलता येत नाही. हा पर्याय अर्धा उपाय म्हणून बाजूला ठेवला, सोडून दिला नाही.

दुसरा, हीच छटा निम्म्या ताकदीने करून घ्यायची. ही सूचना अशा प्रसंगी हमखास पुढे येते. पण छटा निम्मी केल्याने ती फिकी होते, तटस्थ होत नाही; जांभळी झाक तिच्याबरोबरच येते. शिवाय मूळ सूत्रातच एखादं रंगद्रव्य अगदी थोडं असेल तर निम्मं करताना मशीनला ते वर किंवा खाली धरावं लागतं आणि झाक अंदाज नसलेल्या दिशेला सरकू शकते.

तिसरा, सगळीकडे पांढराशुभ्र. पांढऱ्याला निवडावं लागत नाही, हा गैरसमज आहे. ऊन नसलेल्या हॉलमध्ये शुभ्र पांढऱ्याचे कोपरे करडे दिसतात, आणि त्याच्याशेजारी पीच फरशी मळलेली वाटते. पिवळ्या पडलेल्या चौकटी तर आणखी उठून दिसल्या असत्या. ऑइल पेंटचा पांढरा काळाच्या ओघात पिवळतो, अंधाऱ्या जागी जास्तच.

चौथी सूचना आजींची होती: फिकट क्रीम. पीच फरशीशी तो जुळतो आणि खोली उबदार वाटते, हे त्यांचं म्हणणं योग्यच होतं. अडचण वेगळी होती. चारही भिंती एका रंगाच्या झाल्या की त्या एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग चढत जातो. समजा क्रीम भिंत पिवळ्या-लाल उजेडातला १०० पैकी ८० आणि निळ्यातला ६५ परत पाठवते. पहिल्या आपटण्यात फरक थोडा आहे. तिसऱ्या आपटण्यानंतर तोच ५१ विरुद्ध २७ होतो. कार्डावर मलईसारखी दिसणारी छटा चार भिंतींवर पिवळीधमक वाटते ती यामुळे.

पाचवा पर्याय, करडा आणि बदामी यांच्या मधली एकच छटा तिन्ही ठिकाणी. आणि सहावा, हीच मधली छटा, पण एका कुटुंबातल्या तीन उंचींवर: पॅसेजला सगळ्यात फिकट, हॉलला मधली, ऊन येणाऱ्या बेडरूमला थोडी गडद. सहावा घेतला. एकच रंग सगळीकडे लावण्यामागे घर सलग दिसावं ही इच्छा असते. पण उजेड वेगळा असला की एकच रंग घर सलग दाखवत नाही. एका जातीच्या, कमी-जास्त गडद छटा दाखवतात.

नमुने: इथे झालेली मोठी चूक

नऊ छटा कागदावर निवडल्या. निकष दोनच होते. लेबलवर काळ्याबरोबर पिवळा ऑक्साइड ठळकपणे हवा, लाल त्याच्याहून कमी. पिवळा फार झाला तर काळ्याशी मिळून हिरवट होतो, आणि बाहेरच्या झाडाचा हिरवा उजेड त्यात भर घालणार, म्हणून थोडा लाल हवाच. चार छटा या कसोटीवर गळल्या, पाच उरल्या.

त्या पाचांचे पट्टे सरळ हॉलच्या भिंतीवर मारले. ही चूक होती. जांभळट करड्या भिंतीवर मारलेला प्रत्येक उबदार पट्टा पिवळट-हिरवट दिसला. ज्या नियमाने फरशीने भिंत निळी केली, त्याच नियमाने जुनी भिंत नमुन्यांना पिवळं करत होती. घरातल्यांनी तीन छटा तिथल्या तिथे बाद केल्या. आठवड्याभराने जी छटा हॉलला लागली, ती या बाद तिघांपैकीच एक होती. ती परत आली ती केवळ फळ्यांची चाचणी नव्याने, पाचही छटांवर घ्यायचं ठरल्यामुळे.

दुसऱ्या फेरीत दोन बाय दोन फुटांच्या फळ्या घेतल्या. प्रत्येक छटेच्या दोन. आधी पांढरा प्रायमर, मग रोलरने दोन हात, आणि फिनिशही भिंतीवर येणार तोच. मॅट (बिनचमकीचा) आणि सॅटिन (हलक्या चमकीचा) या दोन्हींत एकच नंबर मिसळला तरी सॅटिन थोडा गडद आणि दाट वाटतो, म्हणून मॅटच्या फळीवर सॅटिनचा निर्णय घेऊ नये. मागे जुनी भिंत झाकेल एवढा मोठा पांढरा कागद लावला. कागद चित्रकलेचा जाड घेतला, प्रिंटरचा नाही; प्रिंटरच्या कागदात बहुधा चकाकी आणणारं द्रव्य असतं, ते उजेडातल्या अतिनील किरणांचं निळ्यात रूपांतर करतं आणि शेजारची प्रत्येक छटा उगाच पिवळी दिसते.

प्रत्येक छटेच्या दोन फळ्या काटकोनात उभ्या करून कोपरा तयार केला. कोपऱ्यात रंग किती चढतो ते एकट्या सपाट फळीवर कळतच नाही. फळ्या आडव्या टेबलावर ठेवल्या नाहीत, कारण छताचा उजेड थेट झेलणारी फळी भिंतीपेक्षा उजळ दिसते. आधी स्कर्टिंगला टेकवून फरशीच्या उजेडात पाहिल्या, मग डोळ्यांच्या उंचीवर. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री नऊ, असे दोन दिवस. त्यातला एक ढगाळ होता, हे नशीब. फोटो काढले नाहीत. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच सावरतो आणि नेमकी जी झाक शोधायची तीच पुसून टाकतो. पहिली निवडही फोटोवरूनच झाली होती, हे विसरून चालणार नाही.

प्रत्येकाने न बोलता वहीत एकच शब्द लिहायचा, असं ठरलं. यातून एक वेगळीच गोष्ट कळली. एका छटेला तिघांनी "करडा" लिहिलं, आजींनी "निळा". आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. तो डोळा झाकून पाहिल्यावर त्याच फळीला त्या "बदामी" म्हणाल्या. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं होतं आणि निळा उजेड अडवतं. ऑपरेशननंतर तो पुन्हा आत येऊ लागतो आणि पांढऱ्या गोष्टीही निळसर वाटतात. त्यामुळे झाकेवरून घरात मतभेद झाला तर कुणी हट्टीपणा करतंय असं धरून चालू नये. दोघांना खरोखरच वेगळं दिसत असू शकतं. ही छटा यादीतून काढली, आणि ते योग्यच झालं.

निर्णय

हॉलला करडा-बदामी, एलआरव्ही ६८, मॅट. बेडरूमला त्याच पट्टीवरची एक पायरी खालची छटा, एलआरव्ही ६०. ऊन येणारी खोली गडद रंग पेलते. फिकट रंग तिथे दुपारी विरून जातो. पॅसेजला त्याच पट्टीची सगळ्यात वरची छटा, एलआरव्ही ८०, आणि हात लागणारी जागा म्हणून सॅटिन. छताला जुना थंड पांढरा न ठेवता किंचित उबदार पांढरा. चौकटींनाही तोच पांढरा, पण पाण्याच्या इनॅमलमध्ये, कारण तो ऑइल पेंटसारखा पिवळत नाही.

दिवे हॉल, बेडरूम आणि पॅसेज तिन्हीकडे ३००० केल्विनचे, रंग-अचूकतेचा सीआरआय आकडा ९० च्या वरचा. ८० च्या दिव्याखाली असे मातकट रंग निर्जीव दिसतात. उभं राहून एका नजरेत जेवढं दिसतं, तेवढ्यात दिव्यांचा रंग एकच असावा, असं धोरण ठेवलं.

प्रत्यक्ष काम

मोजमाप असं झालं. हॉलचा घेर ६० फूट, गुणिले १० उंची, ६०० चौरस फूट. त्यातून दोन दारांचे ४२ आणि बाल्कनीच्या उघड्या जागेचे ५६ वजा, उरले ५०२. दोन हातांचे १००४. गुळगुळीत भिंतीवर एका हाताला लिटरमागे ११० ते १३० चौरस फूट धरले की साधारण ८ ते ९ लिटर, १० घेतले. बेडरूमची दार, खिडकी आणि कपाट वगळून ३६३ चौरस फूट भिंत, दोन हातांना ६ ते साडेसहा लिटर; ८ घेतले. पॅसेज दारं आणि उघडी जागा वगळून २१५ चौरस फूट, दोन हातांना साडेतीन ते चार लिटर. ४ चा एक डबा घेतला. हा शेवटचा आकडा पुढे नडला.

जुना रंग घट्ट होता, पोपडे नव्हते, ओल नव्हती. त्यामुळे सगळ्या भिंतींना प्रायमर मारला नाही. भिंती पुसल्या, २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, खिळ्यांची भोकं आणि भेगा पुट्टीने भरून पुन्हा घासल्या. चौकटींना मात्र वेगळी वागणूक लागली. जुन्या ऑइल पेंटवर पाण्याचा इनॅमल सरळ मारला तर नखाने सोलून निघतो. चकाकी पूर्ण जाईपर्यंत त्या घासल्या, धूळ पुसली, घट्ट पकड धरणारा प्रायमर मारला आणि मगच रंग. क्रम नेहमीचा: आधी छत, मग भिंती, शेवटी चौकटी. हॉलसाठीचे सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळले, म्हणजे डब्याडब्यातला बारीक फरक भिंतीवर उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम थांबण्याची वेळ आली. हॉलच्या दोन भिंतींना पहिला हात झाला होता, दोन भिंती जुन्याच होत्या. नवी भिंत उघड-उघड पिवळट दिसत होती. घरातल्यांचा धीर सुटला. छटा आणखी करड्याकडे न्यावी का, यावर बोलणं सुरू झालं. रंगारी म्हणाला, "काका, चारही भिंती होऊ द्या, मग बोला." सल्ला योग्य होता, पण त्याच्या शब्दावर सोडून न देता पुन्हा कसोटी लावली: जुन्या भिंतींवर पांढरे कागद लटकवून मग नव्या भिंतीकडे पाहिलं. पिवळेपणा गेला. काम पुढे चाललं. भिंतीवरच्या पट्ट्यांच्या वेळी जी फसगत झाली, तीच इथे पुन्हा होणार होती. फक्त या वेळी तिची ओळख पटली.

पॅसेजमध्ये मात्र दोन गोष्टी बिघडल्या. ६२ वरून ८० वर जाताना दोन हातांनी जुना करडा पुरता झाकला गेला नाही. एका लांब भिंतीला तिसरा हात लागला आणि डबा संपला. नवीन एक लिटर मिसळून आणलं. नंबर तोच, तरी दिव्याखाली बारीक फरक दिसत होता. तो मधेच कुठे न जोडता, नव्या डब्याने एक अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारली. दोन भिंतींवर उजेड तसाही वेगळा पडतो, त्यामुळे कोपऱ्यात फरक हरवतो. सपाट भिंतीच्या मध्यावर तो कधीच हरवत नाही.

दुसरी गोष्ट, पुट्टीचे डाग. पॅसेजमध्ये भरलेल्या जागांना प्रायमरचा हात द्यायचा राहिला. पुट्टी रंगातला बाइंडर शोषते, तेवढ्या जागी चमक कमी होते, आणि छतातल्या दिव्याचा तिरपा उजेड सॅटिनवर ते ठिपके मोजून दाखवतो. मॅटवर कदाचित खपून गेलं असतं. नुसत्या ठिपक्यांवर पुन्हा रंग लावून ते जात नाहीत. तेवढ्या जागांना प्रायमर मारला आणि ती पूर्ण भिंत पुन्हा रंगवली.

निकाल

हॉल आता सकाळी फिकट करडा आणि दिव्याखाली फिकट बदामी दिसतो. दोन्ही वेळा फरशीचा पीच शांत वाटतो, आधी तो भिंतीशी भांडत होता. बेडरूम संध्याकाळी उबदार होते, पण गुलाबी होत नाही. सगळ्यात मोठा बदल पॅसेजमध्ये झाला. दिवा तेवढ्याच उजेडाचा, फक्त त्याचा रंग बदललेला, आणि तरी दारांच्या कड्या आता चाचपाव्या लागत नाहीत. खोल्यांमधून फिरताना भिंती वेगवेगळ्या छटांच्या आहेत हे पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही.

एक गोष्ट राहिली. स्वयंपाकघरातला दिवा ४००० केल्विनचाच ठेवला होता, कारण तिथे काम करायला तो सोयीचा वाटतो. दार उघडं असलं की हॉलमधून तेवढा चौकोन निळसर दिसतो, आणि दाराशेजारची हॉलची भिंत त्याच्यामुळे जरा जास्तच पिवळी वाटते.

पुन्हा करायचं तर

दिवे आधी बदलायला हवे होते. फळ्यांची चाचणी पहिल्या रात्री जुन्या पॅनेलखाली झाली, नवे दिवे दुसऱ्या दिवशी आले, आणि पहिल्या रात्रीच्या वहीतल्या नोंदी फुकट गेल्या.

पॅसेजला फिकट छटा लावण्याआधी पांढऱ्या प्रायमरचा एक पूर्ण हात दिला असता तर तिसरा रंगाचा हात, अपुरा डबा आणि पुट्टीचे ठिपके या तिन्ही अडचणी एकदम टळल्या असत्या. रंगकाम गडदाकडून फिकटाकडे असेल तर प्रायमर वाचवण्यात फायदा नाही. आणि मोजलेला आकडा डब्याच्या मापाशी बरोबर जुळत असेल, तर पुढचं माप घ्यावं. उरलेला रंग टच-अपला लागतोच.

पडद्यांचा विचार कुणीच केला नव्हता. नव्या पडद्यांचं कापड दुकानातल्या दिव्याखाली हॉलच्या छोट्या नमुन्याशी तंतोतंत जुळलं, घरी खिडकीत लावल्यावर हिरवट दिसलं. कापडाची आणि भिंतीची रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटते. कापडाचा तुकडा आधी घरी आणून दोन्ही उजेडांत पाहायला हवा होता. पडदे परत गेले.

तिन्ही छटांचा थोडा-थोडा रंग घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून ठेवला आहे. प्रत्येक बरणीवर खोलीचं नाव, तारीख, फिनिश आणि रंगद्रव्यांच्या प्रमाणाचं मूळ लेबल कापून चिकटवलं आहे. पॅसेजच्या दोन बरण्या आहेत, पहिल्या डब्याची आणि नंतरच्या लिटरची, आणि कुठली कुठल्या भिंतीची ते झाकणावर लिहिलेलं आहे.